गाठोडी मोजणारा बाप

(शास्त्रभाग : लूक २:४१-५२ आणि ८:४०-५६)



"मंडळी" ह्या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. प्रभूच्या नावाने जी एकत्र जमते ती मंडळी. आणि जुन्या वळणाचा मनुष्य चार लोकांत आपल्या पत्नीविषयी बोलू लागला म्हणजे तोही "आमची मंडळी" असेच म्हणतो. मी मंडळीचा नम्र सेवक आहे, असे मी पहिल्या अर्थाने आज वीस वर्षे सांगत आलो आहे. दुसऱ्या अर्थानेही ते खरे असावयास पाहिजे होते, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती पुण्याच्या बुधवार पेठेत. आणि तीही भर दुपारी, उन्हात, सात गाठोड्यांच्या मधोमध उभा असताना. ती हकीकत लिहावी की न लिहावी ह्याचा मी पुष्कळ विचार केला. तीत माझी शोभा व्हावी असे काही नाही. परंतु उपदेशक दुसऱ्यांची पापे सांगताना जितका मोकळा असतो तितका स्वतःची सांगताना नसतो, असे आमच्या गावातील एका वृद्ध बाईने मला एकदा तोंडावर सांगितले होते. तिचे ते ऋण फेडावे म्हणून लिहीत आहे.

आमच्या घरात माणसे पाच. मी, मुलांची आई, थोरली मुलगी, मधला मुलगा, आणि धाकटा, ज्याला सातवे वर्ष लागले आहे. (हे "सातवे" मी आता ठामपणे लिहितो. त्या दिवशी मला ते ठाऊक नव्हते.) घराचा मुख्य मी, असा माझा समज. रोज सायंकाळी कुटुंबाची उपासना मी चालवितो. माझी प्रार्थना बरीच लांब असते. गावच्या आजाऱ्यांपासून दूरदेशीच्या राज्यकर्त्यांपर्यंत तीतून कोणी सुटत नाही, आणि तोवर भाकरी निवून जातात. एके सायंकाळी प्रार्थना करण्याची पाळी धाकट्याची होती. तो डोळे घट्ट मिटून म्हणाला, "हे देवबापा, तू बाबांचे सगळे ऐकून घेतोस, तुझे फार उपकार आहेत. आता आम्ही जेवतो. आमेन." मधला खो खो हसला. मी त्याला रागे भरलो. मुलांची आई काही बोलली नाही. तिने तवा पुन्हा चुलीवर ठेवला.

थोरली मुलगी बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनी उतरली होती. परिचारिकेचे शिक्षण घ्यावे असे तिच्या मनात दोन वर्षांपासून होते, आणि ते तिने मला एकदा सांगितलेही होते. मी उत्तर दिले, "प्रार्थना करू." आपल्या लोकांत "प्रार्थना करू" ह्या शब्दांचा एक अर्थ "नाही" असाही होतो. तिला तो बरोबर कळला, कारण ती उपदेशकाच्या घरात वाढली आहे. तिने पुन्हा विचारले नाही.

तिच्या लग्नासाठी म्हणून मी थोडेथोडे करून काही रक्कम जमविली होती. स्थळ अजून ठरले नव्हते. खरे म्हणजे आलेच नव्हते. तथापि भाऊबंदांत ज्याच्या त्याच्या मुलीचे सामान आधीपासून कोठीत रचून ठेवलेले, आणि आमच्या घरी मात्र काही नाही, हे लोकांच्या डोळ्यांवर येऊ लागले. हुंडा देऊ नये व घेऊ नये, असे मी व्यासपीठावरून दरवर्षी सांगतो. परंतु त्यालाच "संसाराचे सामान" असे नाव दिले म्हणजे तो हुंडा राहत नाही, अशी सोय आपण सर्वांनी मिळून करून घेतली आहे. तिचा लाभ मीही घेण्याचे ठरविले. पहिल्या खेपेस भांडी व कपडे आणावयाचे, आणि पुढल्या खेपेस पलंग, गादी व कपाट. मे महिन्यात एका गुरुवारी पहाटेच्या एस.टी.ने आम्ही पाचही जण पुण्यास निघालो.

बुधवार पेठ ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. इ. स. १७०३ मध्ये, औरंगजेबाच्या अमदानीत, ही पेठ वसली तेव्हा तिला मोहियाबाद म्हणत. पुढे पेशवाईत ती बुधवार झाली. आम्ही गुरुवारी गेलो तरी ती बुधवारच होती, ह्याचे धाकट्यास फार नवल वाटले. तेथे तुळशीबाग आहे; तेथे स्वयंपाकघरातील पळीपासून लहान मुलींच्या भातुकलीपर्यंत सर्व मिळते. पलीकडे आप्पा बळवंत चौक आहे. तेथे दुकानांत पुस्तकांचे ढीग छतापर्यंत गेलेले असतात. तपकीर गल्ली म्हणून एक गल्ली आहे. तिचे नाव तपकिरीचे, पण माल सारा विजेचा. त्या पेठेत खांद्याला खांदा लावल्याशिवाय मनुष्याला चालता येत नाही, आणि दोन मनुष्यांमधून सायकल, दोन सायकलींमधून मोटारसायकल, अशी वाहतूक चालते.

आम्ही तुळशीबागेत भांडी घेतली. ताटे, वाट्या, पातेली, कळशी, आणि एक मोठा चकचकीत हंडा. भांड्यांवर नाव घालून देणारा एक गृहस्थ जवळच बसला होता. त्याने यंत्र हाती घेऊन विचारले, "काका, नाव काय घालू?" मी म्हणालो, मुलीचे नाव घाला, पुढे जावयाचे नाव व आडनाव. "जावयाचे नाव काय?" मी म्हणालो, ते अजून यावयाचे आहे, तेवढी जागा मोकळी ठेवा. त्याने यंत्र खाली ठेविले. म्हणाला, "काका, जावई आला म्हणजे हंडा घेऊन या. हंडा कोठे जात नाही." मुलगी शेजारी उभी होती. तिने मान दुसरीकडे वळविली. ती लाजली असे त्या वेळी मला वाटले.

खरेदी आटोपली तेव्हा भांड्यांची चार, कपड्यांची दोन व किरकोळ सामानाचे एक अशी सात गाठोडी झाली. पुण्यात चोर फार, हे आमच्या गावात सर्वांस ठाऊक आहे, विशेषतः जे पुण्यास कधी गेले नाहीत त्यांस. म्हणून मी दर दहा पावलांवर थांबून गाठोडी मोजीत होतो. मायलेकी बांगड्यांच्या दुकानापाशी थांबल्या. मी दोघा मुलांना व सामानाला घेऊन आप्पा बळवंत चौकाकडे पुढे झालो. निदान मला तसे वाटले. धाकटा आईजवळ मागे राहिला असेल असे मला पुढे वाटले. तो माझ्याबरोबर गेला असे तिला वाटले. आणि मधल्याला काहीच वाटले नाही, कारण तो उसाचा रस पीत होता.

अर्ध्या तासाने मायलेकी चौकात आल्या. मी मोठ्या समाधानाने म्हणालो, "सातच्या सात आहेत." मुलांच्या आईने गाठोड्यांकडे पाहिलेही नाही. ती म्हणाली, "बाळ कोठे आहे?"

येथे शास्त्रभागाकडे वळू. (मूल सापडते, वाचकांनी चिंता करू नये. मला मात्र त्या वेळी हे कोणी सांगितले नव्हते.)

वल्हांडणाच्या सणासाठी योसेफ व मरीया दरवर्षी यरुशलेमेस जात. येशू बारा वर्षांचा असता तेही त्याला घेऊन गेले. सण संपला, यात्रेकरू परत निघाले, आणि बालक मागे यरुशलेमेत राहिला. आईबापांना हे कळले नाही. तो वाटेच्या सोबत्यांत असेल असे समजून ते एक दिवसाची वाट चालून गेले. मग नातलगांत व ओळखीच्यांत शोध, मग परत फिरणे, आणि तीन दिवसांनी मंदिरात, गुरुजनांच्या मध्ये बसलेला, ऐकत व प्रश्न विचारीत असलेला तो त्यांना सापडला.

ह्या भागावर मी निदान दहा वेळा उपदेश केला असेन. दर वेळी मी बालकाच्या ज्ञानाविषयी बोललो. त्या एक दिवसाच्या वाटेविषयी कधी बोललो नाही. बंधूंनो, जगात ह्यांच्यापेक्षा देवभीरू आईबाप कोठे सापडतील? ज्यांच्या हाती देवाने आपला पुत्र सोपविला, ते सण पाळून परत येत असता त्यालाच विसरले. उपासनेला जाताना मूल हरवले नाही. उपासना करून येताना हरवले. मद्यपी बापाची मुले हरवतात हे आपण सर्व जण जाणतो व त्याविषयी पत्रके वाटतो. परंतु मंदिरातून परतणाऱ्या बापाचे मूलही हरवते, आणि त्याला दिवसभर पत्ता लागत नाही, कारण वाटेवर सर्व ओळखीचे, सर्व आपलेच, सर्व स्तोत्रे गाणारे.

आणखी एक गोष्ट पाहा. मूल सापडल्यावर विचारणा केली ती आईने. तिने आपल्या बोलण्यात योसेफाचा उल्लेख केला. पण योसेफ स्वतः काय बोलला? काही नाही. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडचा एकही शब्द लिहिलेला नाही. त्याच्या मौनाविषयी विद्वान पुष्कळ लिहितात. मला वाटते, निदान त्या दिवशी तो का बोलला नाही हे मला आता ठाऊक आहे. चौकात मीही बोललो नाही.

तेथे एक पोलीस उभा होता. मुलांच्या आईने त्याला गाठले. त्याने वही काढून मला विचारले, "मुलाचे वय?" मी म्हणालो, "सहा." ती म्हणाली, "मार्चमध्ये सहा पुरी झाली, सातवे लागले." "अंगावर कपडे कोणते?" मी आठवू लागलो. सकाळपासून तो माझ्यासमोर होता. पहाटे एस.टी.त तो माझ्या मांडीवर झोपला होता. मला त्याच्या सदऱ्याचा रंग आठवेना. ती म्हणाली, "पिवळा सदरा, वरून दुसरे बटण नाही. निळी चड्डी. उजव्या गुडघ्यावर खपली. पायांत वहाणा आहेत, पण त्या तो हातात घेऊन चालतो." पोलिसाने सर्व लिहून घेतले आणि एकदा माझ्याकडे पाहिले. त्याने मला गाठोड्यांविषयी विचारले असते तर मी प्रत्येकाचा रंग, गाठ, आतील नग व त्याची किंमत पैशापर्यंत सांगितली असती.

उपदेशक बंधूंनो, वर्षअखेर आपण अहवाल लिहितो. उपासना किती, हजेरी किती, बाप्तिस्मे किती, वर्गणी किती, वाटलेली पुस्तके किती. ते लिहू नये असे मी म्हणत नाही. मलाही तो पुढल्या महिन्यात लिहावयाचा आहे. परंतु आपल्या मंडळीतील कोणत्या घरातील कोणते मूल कोणत्या इयत्तेत आहे, कोणाच्या सदऱ्याला बटण नाही, कोणाच्या मुलीने काही विचारले आणि तिला "प्रार्थना करू" असे उत्तर मिळाले, ह्यासाठी त्या अहवालात रकाना नाही. जेथे रकाना नाही तेथे आपले लक्षही नसते.

मधल्याला गाठोड्यांवर बसवून आम्ही तिघे तीन दिशांस गेलो. मी वाट चुकलो. एका वळणावरून भलत्याच गल्लीत शिरलो, आणि काही पावले गेल्यावर ती कोणती गल्ली आहे ते मला कळले. पेठेच्या त्या भागाविषयी सारे पुणे जाणते आणि आपल्यासारखे लोक मान खाली घालून दुसऱ्या वाटेने जातात. मला त्या दिवशी मान खाली घालून चालेना. मी मूल शोधीत होतो, म्हणून प्रत्येक दाराकडे पाहत होतो. एका दारात एक मुलगी उभी होती. वयाने आमच्या थोरलीएवढी असेल. तिने मला पाहिले, माझी अवस्था ओळखली, आणि विचारले, "काय हरवले?" मी म्हणालो, "मुलगा. पिवळा सदरा." ती दोन पायऱ्या खाली उतरली, तिने गल्लीच्या टोकापर्यंत हाक मारून विचारले, आणि मला म्हणाली, "इकडे आलेला नाही, बाबा. इकडे नको शोधूस. तिकडे दिव्यांच्या दुकानांत बघ, पोरे तिकडे थांबतात."

ती मराठी बोलत होती, पण तिची बोली दूरच्या गावची होती. त्या घरांत अशा किती तरी मुली आहेत. कोणाला कामाचे आमिष दाखवून आणलेले, कोणाला लग्नाचे. प्रत्येक जण कोणाची तरी थोरली, मधली किंवा धाकटी. तिच्यासाठी कोणी पोलिसाकडे जाऊन सदऱ्याचा रंग सांगितला होता की नव्हता, हा प्रश्न मला तेथे पडला, आणि मी त्यातून अजून सुटलेलो नाही. तिला मी "देव तुझे बरे करो" एवढेच म्हणालो. वीस वर्षे उपदेश करून माझ्याजवळ तेवढेच निघाले.

मूल सापडले होते. मी तपकीर गल्लीत पोहोचलो तेव्हा थोरली मुलगी तेथे आधीच होती. धाकटा एका दुकानापुढे उलट्या खोक्यावर बसून, उघडझाप करणाऱ्या दिव्यांच्या माळेकडे पाहत बिस्कीट खात होता. वहाणा मांडीवर होत्या. दुकानदार म्हणाला, "पाऊण तास बसला आहे. चला म्हटले तर येत नाही." मी त्याला उचलले आणि रागाने, किंवा ज्याला आपण बाप लोक राग म्हणतो त्या भरात, विचारले, "तू हरवलास कसा?"

तो म्हणाला, "मी नाही हरवलो. मी इथेच होतो. तुम्हीच हरवला होता."

मी थोरलीकडे पाहिले. ती हळूच म्हणाली, "मी त्याला एस.टी.त सांगितले होते, बाबा. चुकामूक झाली तर आहेस तेथेच बसायचे, हलायचे नाही. मी मागे येईन."

मी एस.टी.त काय करीत होतो? मी खरेदीची यादी पुन्हा वाचीत होतो.

परत चौकाकडे येताना आम्ही शिवाजी रस्त्यावर आलो. दगडूशेठ गणपतीच्या समोरच्या बाजूस थोरली थांबली. म्हणाली, "बाबा, भिडेवाडा येथेच होता." मी म्हणालो, "होय." मला ते ठाऊक होते. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी मुलींसाठी शाळा काढली ती ह्याच बुधवार पेठेत, तात्यासाहेब भिडे ह्यांच्या वाड्यात. वाडा पुढे अगदी मोडकळीस आला. न्यायालयात पुष्कळ वर्षे वाद चालला. शेवटी २०२३ च्या डिसेंबरात तेथे त्या शाळेचे स्मारक करण्यासाठी तो उतरविण्यात आला. आम्ही उभे होतो तेथे आजूबाजूला हारांची दुकाने आणि दर्शनाला आलेल्यांची गर्दी होती.

ह्या शाळेविषयी मीही प्रवचनांत बोललो आहे. ते सांगताना आपल्या लोकांना एक अभिमान वाटतो, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मुलींची शाळा कशी चालते हे त्यांनी अहमदनगरास, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार ह्यांच्या शाळेत जाऊन पाहिले, आणि परत येऊन स्वतःची शाळा काढली. ते ख्रिस्ती झाले नाहीत. आपल्या मार्गाने गेले, आणि आपल्या मिशनऱ्यांशीही सर्व बाबतींत त्यांचे जुळले नाही. ह्यामुळे त्या कामाचे मोल उणे होत नाही. पुढे त्यांच्या शाळेतील मुक्ता नावाच्या मांग समाजातील कोवळ्या वयाच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, आणि तो १८५५ साली "ज्ञानोदय" पत्राने छापला. आज आपल्या मंडळ्यांत ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना पाटी हाती धरू दिली नव्हती अशी किती तरी घरे आहेत. त्यांतल्या प्रत्येकाने तो निबंध एकदा तरी वाचावा.

परंतु त्या दिवशी मला आठवण झाली ती जोतीरावांची नव्हे, त्यांच्या वडिलांची. गोविंदराव फुले वाईट गृहस्थ नव्हते. मूल वर्षाचे होते न होते तोच आई वारली. गोविंदरावांनी दुसरे लग्न केले नाही. सगुणाबाई नावाच्या नात्यातील बाईच्या हाती लेकराला वाढविले. शाळेत घातले. मग कोणी सांगितले, शिकून मुलगा बिघडेल. तेव्हा शाळेतून काढले. पुढे गफारबेग मुनशी व लिजिटसाहेब ह्या दोघांनी समजाविले, मुलगा हुशार आहे, वाया घालवू नका. तेव्हा १८४१ साली पुन्हा शाळेत घातले. मग मुलाने व सुनेने मुलींना शिकविण्याचे काम आरंभिले. लोक उठले, दडपण आले. आणि १८४९ साली त्याच प्रेमळ बापाने मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. काढले, घातले, काढले. प्रेमाची उणीव त्यांच्यात कोठेही दिसत नाही. ते दर वेळी शेवटच्या बोलणाऱ्याचे ऐकत होते.

ही गोष्ट व्यासपीठावरून सांगताना मी नेहमी जोतीरावांच्या बाजूस उभा राहतो. तेथे रस्त्यावर, खिशात मुलीच्या सामानाची यादी असताना, मी कोणाच्या बाजूस उभा आहे हे मला स्पष्ट दिसले.

लूकाने बारा वर्षांची दोन मुले सांगितली आहेत. एक दुसऱ्या अध्यायातील पुत्र, ज्याचा उल्लेख वर आला. दुसरी आठव्या अध्यायातील मुलगी, याईराची एकुलती एक. याईर सभास्थानाचा अधिकारी होता. म्हणजे आपल्या शब्दांत पंच, वडील, गावात मान असलेला, ज्याने कोणाच्या पायां पडावे असा नव्हे, तर ज्याच्या पायां इतरांनी पडावे असा. आणि येशू तर सभास्थानाच्या पुढाऱ्यांपैकी पुष्कळांस नकोसा होता. लोक काय म्हणतील ह्याचा हिशेब करण्यासारखा मनुष्य याईराहून दुसरा कोण होता? त्याने हिशेब केला नाही. मुलगी मरणाला टेकली होती. तो भर गर्दीत येशूच्या पायां पडला. वाटेत निरोप आला, मुलगी मेली, आता गुरुजींना त्रास देऊ नका. तरी तो परत फिरला नाही. घरी पोहोचल्यावर लोक प्रभूला हसले. हसणारे सर्व याईराच्याच घरी जमलेले होते. शेजारी, नातलग, भाऊबंद. मग येशूने मुलीच्या आईबापांना व आपल्या तिघा शिष्यांना आत घेतले, मुलीचा हात धरला, आणि ती उठली.

त्यानंतर प्रभूने काय सांगितले, ह्याकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. त्याने मोठा उपदेश केला नाही. तिला खावयास द्या, असे त्याने सांगितले. मेलेल्यांतून उठविलेल्या मुलीला भूक लागली असेल हे तेथे जमलेल्या सर्वांत त्यालाच सुचले. मुलांच्या आईला हा भाग मी घरी वाचून दाखविला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे प्रभूला बटणही आठवले असते." ह्यापेक्षा चांगले भाष्य मला कोणत्याही टीकाग्रंथात सापडलेले नाही, आणि माझ्याजवळ टीकाग्रंथ चार आहेत.

भिडेवाड्याच्या जागेपुढे उभे राहून मी थोरलीला म्हणालो, "तुझ्या त्या शिक्षणाचा अर्ज कधी भरावयाचा असतो?" ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही प्रार्थना केली काय, बाबा?" तिच्या बोलण्यात थट्टा होती की नव्हती हे मी सांगू शकत नाही. मी म्हणालो, "नाही. केली नव्हती. करू असे म्हणालो होतो." हे वाक्य बोलावयास मला जितके जड गेले तितके आजवर एकही प्रवचन गेलेले नाही. ती म्हणाली, "अर्ज जूनमध्ये आहेत. मी भरून ठेवला आहे. तुमची सही राहिली आहे." अर्ज तिच्या पिशवीत होता. गेले आठ दिवस होता. आईला ठाऊक होते. मधल्यालाही ठाऊक होते. धाकट्याला तर तो पाठ होता.

सही मी तेथेच, एका पुस्तकाच्या दुकानाच्या फळीवर कागद ठेवून केली. पलंग, गादी व कपाट ह्यांचे पैसे शिल्लक होतेच; ते पहिल्या वर्षाच्या फीस लागले. भांडी परत करावी म्हणून मी दुकानात गेलो, तर तेथे पाटी होती की विकलेला माल परत घेतला जाणार नाही, आणि खाली बारीक अक्षरांत, ह्याविषयी चर्चा करू नये. पुणे ते पुणेच. म्हणून चर्चा केली नाही.

जाता जाता नाव घालणाऱ्या गृहस्थापाशी हंडा पुन्हा नेला. तो म्हणाला, "काका, इतक्यात जावई मिळाला?" मी म्हणालो, "नाही. मुलीचेच नाव घाला." त्याने मुलीचे नाव घातले, माझे आडनाव घातले, आणि विचारले, "पुढे काही?" मी म्हणालो, काही नको. धाकट्याने आपले ताट पुढे केले व आपलेही नाव पाहिजे म्हणून हट्ट धरला. त्या भल्या गृहस्थाने ते फुकट घालून दिले. भाऊबंदांनी पुढे आम्हांला पुष्कळ विचारले, की सामान अर्धेच का आणले. त्यांना काय उत्तर द्यावे हे मी मुलांच्या आईवर सोपविले आहे, आणि ते ती देते.

सायंकाळी एस.टी.त चढताना मी सवयीने गाठोडी मोजू लागलो, तोच मुलांची आई म्हणाली, "अहो, आधी माणसे मोजा." मी मोजली. चार. पुन्हा मोजली. चारच. माझ्या छातीत धस्स झाले. मी खाली उतरून स्टँडवर इकडेतिकडे पाहू लागलो. कंडक्टर घंटी वाजवावयास निघाला. तेव्हा थोरली दारातून वाकली, माझा हात धरून मला वर ओढले, आणि म्हणाली, "बाबा, पाचवे तुम्ही."